भाकड महिना

लेकीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा मास्तरीण आणि अण्णा संध्याकाळच्या धारेला घरी हजर होते. मागे पंगतीला पाहुणे बसले होते, नवरा-नवरी फोटोसाठी उभी होती, आणि नवरीचे आईबाप ठेवणीतल्या कपड्यांनिशी भाड्याच्या गाडीत बसून गोठ्याकडे निघाले होते. गाईला काय सांगणार, आज घरात कार्य आहे, दूध उद्या दे म्हणून?

मास्तरीण कधी कुठल्या शाळेत शिकवायला गेली नव्हती. गल्लीत कुणाचं काही अडलं की आधी काय, नंतर काय, कुणाच्या गळ्यात काय बांधायचं, हे ती उभ्या उभ्या लावून द्यायची, म्हणून ते नाव पडलं आणि चिकटलं. तिचा नवरा अण्णा माणसांशी बेताचं बोलायचा. गायींशी मात्र त्याची दिवसभर बडबड चाले. गल्लीच्या टोकाला पुढे तीन खोल्या, मागे गोठा, आणि स्वयंपाकघराची खिडकी थेट गव्हाणीवर उघडणारी. दावणीला पाच गायी होत्या: तांबडी, काळी, ठेंगणी, भुरी आणि नखरेल. नखरेलचं नाव खोटं नव्हतं. अण्णाचा हात लागल्याशिवाय ती पान्हा सोडत नसे. एकदा एका गड्याला धारेला बसवून पाहिलं होतं. त्याला तिने बादलीसकट गोठ्याबाहेर काढला. अण्णा ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला अजून सांगायचा, आणि सांगताना त्याची छाती दोन बोटं फुगायची.

पाच गायी पाच वेळी व्यायच्या. एक आटली की दुसरी ताजी व्यालेली असायची, त्यामुळे रतीबाच्या घरांना बारा महिने दूध मिळत होतं. धंद्याला हे सोयीचंच होतं. पण त्याचा दुसरा अर्थ असा की वर्षात एक दिवस असा नव्हता, जेव्हा सकाळ-संध्याकाळ कुणाच्या तरी कासेखाली बसावं लागत नव्हतं.

लेक दूरच्या शहरात राहायची. नातू तीन वर्षांचा झाला तरी त्याने आजीला फक्त फोनवर पाहिलं होतं, आणि फोनवर आजीच्या मागे कायम एखादं शेपूट हलत असायचं. एक दिवस त्याने आईला विचारलं, "आजीला पण तिथे बांधून ठेवतात का?" लेकीने हसत हसत हे मास्तरणीला सांगितलं. मास्तरीणही पोट धरून हसली. फोन ठेवला, आणि मग बराच वेळ तशीच गव्हाणीला टेकून उभी राहिली.

त्याच आठवड्यात तिने डॉक्टरला बोलावलं. डॉक्टर म्हणजे जनावरांची डॉक्टर. बाई अजून तिशीतही नव्हती, पण गुडघ्यापर्यंतचे बूट घालून कुठल्याही गोठ्यात बिनधास्त शिरणारी. मास्तरणीने तिला विचारलं, पाचही गायी एकाच वेळी आटलेल्या असतील, असं करता येईल का?

डॉक्टरला वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. लोक तिला याच्या उलटं विचारायचे, की बाई, वर्षभर दूध कसं राहील ते सांगा. पण मास्तरणीने कारण सांगितलं, तेव्हा ती पालथ्या बादलीवर बसली आणि दोघींनी मिळून सगळं मांडलं. पाचही गायी एका महिन्याच्या आत गाभण राहायला हव्यात. मग नऊ महिन्यांनी त्या एका महिन्याच्या आतच वितील. विण्याआधी दोन महिने गाय आटवायचीच असते. म्हणजे शेवटची आटल्यापासून पहिली विईपर्यंत साधारण महिनाभर गोठ्यात एकही दुभती गाय नसेल. त्या गायींना चारा-पाणी कुणीही करेल. धार मात्र काढायची नसेल.

"पण ज्या आधी माजावर येतील, त्यांना तेव्हा न भरवता, गाभण न करता थांबवावं लागेल," डॉक्टर म्हणाली. "आणि एखादी उलटली, राहिलीच नाही, तर ती मागे पडणार. मग तिचं काय करायचं ते तेव्हा ठरवा."

"बघू की. घोडामैदान जवळच आहे," मास्तरीण म्हणाली.

राहिला प्रश्न रतीबाचा. गिऱ्हाईक महिनाभर कोरडं ठेवलं तर ते परत येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यावर तिच्याकडे एकच उपाय होता, आणि तो उपाय रस्त्यापलीकडे राहत होता. त्याला सगळे पैलवान म्हणायचे. आयुष्यात त्याने कुस्ती खेळली नव्हती, मान जाड होती एवढंच. त्याच्याकडे तीन गायी आणि एक वाढती कालवड होती. काही वर्षांपूर्वी अण्णाच्या रतीबाची दोन घरं त्याच्याकडे वळली होती, तेव्हापासून अण्णा रस्ता ओलांडतानासुद्धा त्या बाजूला बघत नसे. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. अण्णा तर पाणीही फुंकून पीत होता.

मास्तरीण सरळ पैलवानाच्या ओट्यावर जाऊन बसली. तिचं म्हणणं सोपं होतं. माझ्या गायी आटलेल्या असतील तेव्हा तुमच्या ताज्या व्यालेल्या असाव्यात, आणि तुमच्या आटतील तेव्हा माझ्या कासा भरलेल्या. लहान मुलं आणि म्हातारी माणसं असलेल्या घरांना तो महिना तुम्ही दूध घालायचं, बाकीचे दुकानातली पिशवी आणतील. तुमची वेळ येईल तेव्हा मी घालीन. पैलवान मान खाजवत ऐकत होता. त्याची बायको आत कॅन घासत होती. घासण्याचा आवाज मात्र मघाशीच थांबला होता. पैलवान म्हणाला, बघतो, विचार करतो. बायको बाहेर येऊन म्हणाली, विचार झालाय, आम्हाला जमेल.

अण्णाला हे कळलं. संध्याकाळी धार काढता काढता काळीला उद्देशून म्हणाला, "ऐकलंस का? लोक भाकड गाय दुभती करायला धडपडतात. इथे दुभत्या भाकड करायच्या आहेत. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात, ते काय उगीच?"

"मी बऱ्याच खाल्ल्या," मास्तरीण दुसऱ्या बादलीवरून म्हणाली. "पोट भरलं."

मग वाट पाहण्याचे दिवस सुरू झाले. ही वाट पाहणंच सगळ्यात अवघड होतं. तांबडी माजावर आली की गल्ली डोक्यावर घ्यायची. लोक कुंपणावरून विचारायचे, अहो, गाय ओरडतेय, भरवत का नाही? आणि मास्तरीण सांगायची, तिची वेळ अजून झाली नाही. ठेंगणीचे दोन माज असेच गेले. दूध उतरत गेलं. रतीबातल्या काही घरांना माप कमी केलं, त्यांची तोंडं वाकडी झाली. मास्तरणीने प्रत्येकाला दारात उभं राहून सांगितलं की हे कशासाठी आहे आणि कधीपर्यंत आहे. काही जणी म्हणाल्या, बरं करताय. एक आजोबा म्हणाले, वेड लागलंय. तिने दोन्ही ऐकून घेतलं आणि पुढच्या दाराची कडी वाजवली.

थंडी ओसरायला लागली तेव्हा ठरवलेला महिना उजाडला. डॉक्टरची स्कूटर वरचेवर गल्लीत दिसू लागली. काळी आणि तांबडी एकाच दिवशी भरवल्या. पाठोपाठ ठेंगणी झाली. नखरेल आठवडाभर सगळ्यांना झुलवत राहिली आणि मग एका सकाळी तिने स्वतःच सगळ्या गल्लीला ओरडून कळवलं. पुढे तपासणीत चौघी गाभण निघाल्या. पण ते नंतर. त्या वेळी भुरी तेवढी राहिली होती.

गायी पहाटे मागच्या मोकळ्या अंगणात सोडायच्या, तेव्हा लक्ष ठेवायचं काम अण्णाचं होतं. संध्याकाळी मास्तरीण बघायची. अण्णा रोज येऊन सांगायचा, भुरी गप्प आहे. महिना संपत आला तरी भुरी गप्पच होती.

एका दुपारी मास्तरीण भुरीचं अंग घासत होती. शेपटीच्या बुडाजवळचे केस घासून उडालेले दिसले. दोन्ही बरगड्यांवर खुरांचा चिखल वाळला होता. दुसऱ्या गायी तिच्यावर चढल्याशिवाय असं होत नाही, आणि गाय माजावर असल्याशिवाय दुसरीला ती अंगावर चढू देत नाही. डॉक्टर आली, तपासून म्हणाली, माज येऊन गेला, काल पहाटेच असावा. आता पुढचा तीन आठवड्यांनी. म्हणजे भुरी मागे पडली.

डॉक्टर गेल्यावर मास्तरीण तिथेच थांबली. अंगणात पहाटे अण्णा होता. जो माणूस शेपटीच्या हलण्यावरून गाईच्या पोटात दुखतंय हे सांगतो, त्याला एवढं दिसलं नाही? तिला राग यायच्या आधी नवलच वाटलं. आणि मग राग आला तो बराच जुना निघाला. लग्नाच्या दिवशीची ती भाड्याची गाडी तिला आठवली. निघू या आता, धारेची वेळ झाली, असं पहिल्यांदा कोण म्हणालं होतं, तेही आठवलं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात ती दूध गाळत होती. अण्णा हात धुऊन आला.

"भुरीचा माज तुम्हाला दिसला होता," ती म्हणाली. ती विचारत नव्हती, सांगत होती.

अण्णाने टॉवेलने हात पुसले. पुसून झाल्यावरही पुसत राहिला. ताकाला जाऊन भांडं लपवणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

"दिसला," तो म्हणाला.

"मग?"

"एक दुभती राहिली असती तर मी तिच्यासाठी मागे थांबलो असतो. तू गेली असतीस. तुला मी कधी अडवलंय?"

तिने गाळणं खाली ठेवलं. अण्णा खिडकीतून गव्हाणीकडे बघत बोलायला लागला, जसा तो गायींशी बोलायचा. म्हणाला, "तिथे मी काय करू, सांग. चौथा मजला. पहाटे डोळे उघडतात, मग कुठे जाऊ? जावई चांगला आहे, मला म्हणेल, बसा बाबा. लेक म्हणेल, बसा बाबा. दिवसभर बसा बाबा. मला बसता येत नाही गं. लोकांच्या घरात माझ्या हातांचं काय करायचं तेच मला कळत नाही."

इतकी वर्षं मास्तरीण समजत होती की गायींनी दोघांना धरून ठेवलंय. आत्ता तिच्या ध्यानात आलं की निम्म्या वेळा हा गृहस्थ गायींच्या आड उभा होता. तिला पुष्कळ बोलायचं होतं. पण समोरचा माणूस ओला टॉवेल मुठीत धरून लहान मुलासारखा उभा होता, आणि तो खरं बोलला होता. खरं बोललेल्या माणसाला झोडपलं तर तो पुढच्या वेळी बोलत नाही.

"बसता येत नसेल तर उभे राहा," ती म्हणाली. "पण तिथे माझ्या शेजारी उभे राहा. मी एकटी जाणार नाही. आणि बेतही मोडणार नाही."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पैलवानाच्या ओट्यावर गेली. भुरी गरीब गाय, कुणाच्याही हाताला पान्हावते. तो महिना ती तुमच्या दावणीला राहील, दूध तुम्ही काढा आणि रतीबातच घाला. पैलवानाच्या बायकोने पैलवानाकडे न बघताच होकार दिला.

भुरी पुढच्या माजाला भरवली. या वेळी अण्णा पहाटे अंगणातून धावत आला आणि त्याने चप्पल न घालताच डॉक्टरला फोन लावला. मास्तरणीने आधण ठेवलं. चहा तेवढा नेहमीपेक्षा गोड केला.

पावसाळा सरत आला तशा गायी एकेक करून आटवल्या. पेंड कमी केली, कासा रोज चाचपून पाहिल्या. भुरीला अण्णाने स्वतः रस्ता ओलांडून नेलं. पैलवान दारात उभा होता. दोघांनी एकमेकांकडे न बघता गाय एका दोरावरून दुसऱ्या दोरावर बांधली. शेवटी नखरेल आटली. त्यानंतरची पहिली सकाळ फार विचित्र होती. बादल्या पालथ्या, कॅन कोरडे. दोघं उजेड व्हायच्या कितीतरी आधी उठून स्वयंपाकघरात समोरासमोर बसले, आणि चहा पिऊन झाल्यावर काय करायचं ते दोघांनाही सुचेना. आपल्याच घरात दोन पाहुणे बसल्यासारखे.

कासा नीट सुकल्याची खात्री झाल्यावर, गायींचं चारा-पाणी पैलवान आणि त्याच्या बायकोवर सोपवून ते निघाले. रात्रभराचा प्रवास करून लेकीच्या दारात पोचले. दार उघडताच नातू आजीला वळसा घालून तिच्या मागे गेला आणि त्याने जिन्यात वाकून पाहिलं. शेपूट कुठेच नव्हतं. मग तो समोर आला आणि तिच्या बोटाला धरून तिला आत घेऊन गेला. मास्तरणीने पुढचा सगळा दिवस ते बोट दुसऱ्या कुठल्या कामाला लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा घरात सापडेना. लेक घाबरली, जावई चपला शोधायला लागला. मास्तरीण बाल्कनीत गेली आणि खाली बघून हसू लागली. समोरच्या दुकानापुढे दुधाची गाडी लागली होती, आणि अण्णा खांद्यावरून दुधाच्या पिशव्यांचे ट्रे उतरवत होता. दुकानदाराला वाटलं होतं, गाडीवाल्याने नवा माणूस आणलाय. गाडीवाल्याला वाटलं, दुकानदाराचा आहे. लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोक काय म्हणतील, बाबांनी हमाली करावी? मास्तरीण म्हणाली, "करू दे. त्यांच्या हातांना काम मिळालंय. आता बाकीचा दिवस ते शांत राहतील." आणि खरंच, परत येऊन अण्णा नातवाशेजारी जमिनीवर ऐसपैस बसला. दुकानदाराला खरं कळलं, तेव्हा तो खजील होऊन माफी मागायला वर आला. अण्णाने त्याला गाडी उतरवताना कुठला ट्रे आधी घ्यावा ते समजावून सांगितलं.

दुसऱ्या आठवड्यात पैलवानाचा फोन आला. ठेंगणीची कास भरली आहे, बाजूला एकटी उभी राहतेय, आजच विते की काय असं वाटतंय. ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी. अण्णाचा चेहरा उतरला. त्याने कोपऱ्यातली पिशवी ओढली आणि कपडे भरायला सुरुवात केली. मास्तरणीने फोन घेतला, पैलवानाच्या बायकोला बोलवायला सांगितलं आणि विचारलं, खातेय का? खातेय. रवंथ? करतेय. चिकट काही सुटतंय का? नाही. मग तिने फोन अण्णापुढे धरला. नखरेलपासून ठेंगणीपर्यंत सगळ्यांची बाळंतपणं त्याच्याच हातची होती. आता पुढचं त्यानेच विचारावं.

अण्णाने हातातला सदरा खाली ठेवला. "वहिनी, शेपटीच्या बुडाला दोन्ही बाजूंनी बोटं दाबून बघा," तो म्हणाला. "कडक लागतंय, की लोण्यासारखं आत जातंय?"

पलीकडून थोड्या वेळाने उत्तर आलं. कडक.

"मग अजून अवकाश आहे. ती पहिल्यापासून कास लवकर भरते. मोठं पोट आहे, बाजूला उभी राहणारच. रोज असंच दाबून बघा, आणि मऊ लागलं की डॉक्टरला बोलवा. आम्ही ठरल्या दिवशी येतो."

फोन ठेवून त्याने पिशवीतले कपडे बाहेर काढले, घडी करून पुन्हा कपाटात ठेवले आणि लेकीला विचारलं, दुपारी काय बेत आहे?

ते ठरल्या दिवशीच परतले. ठेंगणीने त्यानंतर आठवडाभर वाट पाहायला लावली, आणि मग मात्र गोठ्याने उसंत म्हणून दिली नाही. ठेंगणी, तांबडी आणि काळी लागोपाठ व्यायल्या. काळीचं वासरू आडवं होतं, डॉक्टरने कोपरापर्यंत हात घालून ते सरळ केलं. वासरांचा कलकलाट, चीक पाजायची घाई, दूध ठेवायला भांडी पुरेनात. मास्तरणीची बोटं सुजली आणि एका सकाळी ती स्वतःवरच चिडून म्हणाली, हा असला शहाणपणा मला कुणी सुचवला होता? डॉक्टरने तिच्याकडे नुसतं पाहिलं. नखरेल सगळ्यांत शेवटी, भर दुपारी, सगळे जेवायला बसले असताना व्यायली. तिला कालवड झाली, आणि कालवडीने उठताच पहिली लाथ अण्णालाच मारली.

त्या महिन्यापुरती दिलेल्या रतीबातली आणखी दोन घरं पैलवानाकडेच राहिली. अण्णा भुरीला आणायला गेला तेव्हा मास्तरीण जरा धास्तावली होती, आता पुन्हा अबोला सुरू होणार. पण तो लवकर परतला नाही. भुरी पैलवानाच्या गव्हाणीत तोंड घालून उभी राहिली होती आणि निघायला तयार नव्हती. शेवटी दोघांनी मिळून एकाने दोर ओढला, एकाने मागून ढकललं, आणि एवढे श्रम झाल्यावर चहा घेणं आलंच. अण्णा घरी येऊन म्हणाला, "पैलवान पेंडीत डाळीची चुनी जास्त घालतो. मी सांगितलं त्याला." एवढं बोलून तो भुरीच्या पायाशी वाकला.

दूध जरा मार्गी लागलं तशी एका दुपारी पैलवानाची बायको गोठ्यात आली. मागून पैलवान. ती मास्तरणीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, आता आमची पाळी. पैलवान म्हणाला, अगं, पण तुला जायचंय तरी कुठे, ते तर सांग.

"ते मी नंतर ठरवीन," ती म्हणाली. "आधी गायी आटू देत."

मास्तरणीने ओले हात झटकले, पालथी बादली तिच्याकडे सरकवली आणि स्वतः गव्हाणीच्या कठड्यावर बसली.

"बसा," ती म्हणाली. "तुमची कालवड शेवटची माजावर कधी आली होती?"